कारणाचा रकाना

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचा संगणकाशी आयुष्यात कधी संबंध आला नाही. आणि तरीही, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींनी एकत्र काम कसे करावे या आजच्या माझ्या विषयाचा पहिला धडा मला मिळाला, तो त्यांच्याच टेबलाशी उभे राहून. वाचनालयाची दाखल नोंदवही ते स्वहस्ते लिहीत. पुस्तक आले की त्यास दाखल क्रमांक मिळे, आणि तो त्या पुस्तकाचा जन्मभराचा असे. पुढे ते पुस्तक हरवो, त्यास वाळवी लागो, की एखादा सभासद ते बरोबर घेऊन परगावी कायमचा निघून जावो, त्याची ओळ कापली जाई ती तांबड्या शाईने, खालचे अक्षर वाचता येईल अशा बेताने, आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण नमूद करून. तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या ग्रंथाच्या वाट्याला जात नसे. शाळकरी वयात मी त्यांना एकदा विचारले होते की, जे पुस्तक आता नाहीच त्याची ओळ ठेवून उपयोग काय? त्यांनी तोंडी उत्तर दिले नाही. नोंदवही माझ्यापुढे सरकवून वीस-पंचवीस तांबड्या ओळी वाचावयास लावल्या. कपाटाकडे पाहून वाचनालयात आज काय आहे एवढेच कळते, परंतु ते आजच्या स्थितीला कसकसे येऊन पोहोचले हे जाणावयाचे तर त्या वहीखेरीज दुसरा साक्षीदार नाही, ही गोष्ट मला तेव्हा अंधुकच उमगली. तिचा पुरता अर्थ कळावयास पुढे तीस वर्षे आणि एक भांडण खर्ची पडले.

त्या भांडणाकडे वळण्यापूर्वी विषयाचे नाव सांगून टाकतो. एकाहून अधिक माणसे मिळून जी आज्ञावली लिहितात, तिच्या प्रत्येक फेरबदलाची नोंद राखणारी जी व्यवस्था इंग्रजीत व्हर्जन कंट्रोल या नावाने ओळखली जाते, ती कामाच्या आरंभीच कशी लावावी, हा तो विषय. मराठीत कोणी 'आवृत्ती-नियंत्रण' असा प्रतिशब्द योजतात. त्यातील 'नियंत्रण' मला खटकते, कारण आवृत्त्यांवर हुकमत गाजवणे हे या व्यवस्थेचे काम नसून कोणी काय केले व का केले हे लिहून ठेवणे एवढेच तिचे काम आहे. आणि लिहून ठेवण्याच्या कामाला आपल्याकडे कीर्द, खतावणी, दफ्तर असे कसलेले शब्द पिढ्यानपिढ्या आहेत. तरुण मंडळी या संग्रहाला 'रेपो' म्हणतात. मी त्यास दफ्तर म्हणण्याची मुभा घेणार आहे. त्यातील एकेका नोंदीला म्हणतात ते 'कमिट' मात्र कमिटच राहू द्यावे, कारण आता तो शब्द पुण्यापासून सिॲटलपर्यंतच्या मराठी घरांत जेवणाच्या ताटावरही उच्चारला जातो.

आता भांडण. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एका संस्थेच्या ग्रंथालयासाठी (संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) पुस्तकांची देवघेव, वर्गणी आणि उशिराचा दंड सांभाळणारी एक आज्ञावली लिहावयास घेतली. चौघेही जाणते, चौघेही स्नेही, आणि म्हणूनच की काय, नियम ठरवण्याची आवश्यकता कोणालाच भासली नाही. कार्यालयातील एका संगणकावर सर्वांना उघडता येईल असे एक फोल्डर होते. त्यात आरंभी 'देवघेव' नावाची एक प्रत होती. महिन्याभरात तिच्या शेजारी 'देवघेव-अंतिम' आली, मग 'देवघेव-अंतिम-दुरुस्त', मग 'देवघेव-खरी-अंतिम', आणि पावसाळा संपेपर्यंत त्या फोल्डरात अकरा अंतिम प्रती नांदू लागल्या. एकाने रविवारी व सुट्टीच्या दिवशी दंड आकारू नये अशी दुरुस्ती केली होती. दुसऱ्याने त्याच आठवड्यात आपल्या घरच्या संगणकावर वर्गणीच्या पावतीचे काम पुरे करून संपूर्ण फाइल आणली आणि फोल्डरातील फाइलीवर ठेवून दिली. त्याच्या घरच्या प्रतीत रविवारची दुरुस्ती नव्हती. किंबहुना असेच घडले असावे, एवढेच आज म्हणता येते. कारण तीन महिन्यांनी सभासदांनी रविवारच्या दंडाबद्दल तक्रार केली, तेव्हा आमच्यापैकी प्रत्येकाला आपण निर्दोष असल्याची खात्री होती आणि कोणापाशीही पुरावा नव्हता. सर्वजण 'अ‍ॅडमिन' या एकाच नावाने त्या संगणकात शिरत असू, त्यामुळे यंत्राच्या लेखी सर्व पापपुण्य त्या अ‍ॅडमिनच्या माथी होते. आमच्यापैकी एकजण भांडणाच्या त्या सायंकाळी उठून गेला, तो पुन्हा कामावर आला नाही.

या प्रकारास निष्काळजीपणा म्हणून सोडून देण्याचा मोह होतो, आणि आम्हीही तेच केले. वस्तुतः आमचा दोष निराळा होता. चार हातांनी लिहावयाच्या मजकुराला आम्ही एका हाताच्या मजकुराची रीत लावली होती. कादंबरी छापून झाली की लेखक तिच्यापासून सुटतो. आज्ञावली ही जिवंत असेतोवर रोज दुरुस्त होत राहते, आणि ज्याने ती आरंभी लिहिली तो बहुधा दुरुस्तीच्या वेळी जाग्यावर नसतो.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचे उपायही जुने आहेत. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड याने एससीसीएस नावाची पहिली नामांकित व्यवस्था रचली. पुढे पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची याने आरसीएस रचली. तिच्यात ताजी प्रत संपूर्ण ठेवून मागील प्रतींचा फक्त फरक उलट दिशेने साठवण्याची युक्ती होती. या दोहोंची शिस्त कडक असे: ज्याला फाइल दुरुस्त करावयाची त्याने ती कुलपासह ताब्यात घ्यावी, आणि तो परत करीपर्यंत इतरांनी तिच्या वाटेस जाऊ नये. एका खोलीत बसून काम करणाऱ्या मंडळींना हे चालून जाते. पण कुलूप लावणारा गृहस्थ रजेवर गेला म्हणजे सगळे काम त्याच्या परतण्याकडे डोळे लावून बसते.

हे कुलूप मोडले ते अ‍ॅम्स्टरडॅममध्ये, आणि ज्या कारणाने मोडले ते मला विशेष प्रिय आहे. डिक ग्रून हा तेथील एका विद्यापीठातील अध्यापक १९८४ ते ८५ च्या सुमारास आपल्या दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेचा एक कंपाइलर लिहीत होता. एक विद्यार्थी नेमाने दिवसाच्या वेळी काम करणारा, दुसरा लहरीप्रमाणे येणारा, आणि अध्यापकास स्वतःला सवड मिळे ती सायंकाळी. तिघांचा दिनक्रम जुळेना, म्हणून तिघांनी एकाच वेळी आपापल्या प्रतींवर काम करावे आणि मागाहून यंत्राने त्या जुळवाव्यात, अशा छोट्या आज्ञा त्याने लिहिल्या व १९८६ साली जगापुढे ठेवल्या. सीव्हीएस या नावाने त्या पुढे जगभर चालल्या. हे जुळवणे शक्य झाले त्याचे श्रेय आणखी दोन साधनांकडे जाते: दोन प्रतींतील नेमका फरक ओळीगणिक काढून दाखवणारे 'डिफ', जे डग्लस मॅकिलरॉय प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकात युनिक्समध्ये आणले, आणि तो फरक टपालाने धाडून दुसऱ्याच्या प्रतीवर चढवता यावा म्हणून लॅरी वॉल याने १९८५ साली लिहिलेले 'पॅच'. फरक हीच एक स्वतंत्र वस्तू आहे, तिला नाव देता येते, ती पाठवता येते, तिच्यावर हरकत घेता येते, ही कल्पना मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते.

लिनक्स या मुक्त आज्ञावलीचा कर्ता लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ पासून दहा-अकरा वर्षे आपला सारा व्यवहार असल्याच फरकांवर चालवला. जगाच्या पाठीवरून येणारे पॅच टपालातून उचलावेत, वाचावेत, पटतील ते आपल्या प्रतीस लावावेत. काम वाढत गेले, एका माणसाच्या टपालात ते मावेना, तेव्हा २००२ साली त्याने बिटकीपर नावाची एका खासगी कंपनीची व्यवस्था स्वीकारली. ती लिनक्सच्या मंडळींस विनामूल्य मिळत असे, परंतु तिच्या अंतरंगात डोकावू नये अशा अटींवर. आणि मुक्त आज्ञावलीचे व्रत घेतलेल्यांनी आपले दफ्तर बंद पेटीत ठेवावे हे अनेकांना रुचले नव्हते. २००५ साली अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन विद्वानाने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असे स्वतंत्र साधन लिहावयास घेतले. पेटीच्या मालकाने त्यास शर्तभंग मानून विनामूल्य वापर बंद केला. त्याच वर्षीच्या एप्रिलात कॅनबेरा येथील परिषदेत ट्रिजेलने श्रोत्यांसमोर दाखवले की आपण सर्व्हरशी साधा टेलनेट जोडला आणि 'हेल्प' असा एक शब्द टाइप केला, तेव्हा सर्व्हरने आपणहून आपल्या आज्ञांची यादी पुढे केली. कोणाचा पक्ष न्याय्य होता यावर आजही दोन मते आहेत. माझे मत ट्रिजेलच्या बाजूचे आहे. ज्या दफ्तरात हजारो लोकांचे लेखन आहे, त्याचे कुलूप एकाच घराच्या कमरेला असणे हे केव्हातरी असेच निकालास येणार होते.

पुढे जे घडले ते वेगामुळे पौराणिक वाटते. ३ एप्रिल २००५ रोजी टोरवाल्ड्सने नवी व्यवस्था लिहावयास घेतली. ७ एप्रिलला ती व्यवस्था स्वतःचाच मजकूर स्वतःत नोंदवू लागली. १६ जूनला लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती तिच्या आधारे प्रसिद्ध झाली. आणि जुलै अखेरीस त्याने तिची मुखत्यारी जुनियो हामानो याच्याकडे सोपवून टाकली. तिचे नाव गिट. इंग्रजांच्या बोलीत हा शब्द तऱ्हेवाईक, नकोशा माणसाला उद्देशून वापरतात, आणि आपण आपल्या वस्तूंना आपलेच नाव देतो, अशी त्याच्या कर्त्याने मल्लिनाथी केली.

आता गिटच्या पोटातील रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील नियम मनमानी वाटतील. प्रत्येक कमिट म्हणजे त्या घटकेस संपूर्ण संग्रह कसा होता त्याचे चित्र, लेखकाचे नाव, चढवणाऱ्याचे नाव (हे दोन रकाने वेगळे आहेत, हे ध्यानात असू द्या), तारीख, कारणाचा मजकूर, आणि पूर्वीच्या कमिटची खूण. या सर्वांतून गणिताने चाळीस अक्षरांची एक मुद्रा काढली जाते, आणि तीच त्या कमिटचे नाव होते. मागील मुद्रा पुढील कमिटच्या मजकुरात गोवलेली असल्यामुळे जुन्या नोंदीत एका स्वल्पविरामाचा फरक केला, तरी तिची मुद्रा बदलते, तिच्या पुढचीची बदलते, आणि अशी शेवटपर्यंत. कुलकर्ण्याच्या वहीत रात्रीतून एक पान फाडून दुसरे शिवता येत असे. येथे तसे केल्यास पुढच्या साऱ्या पानांवरचे शिक्के सकाळी बोलू लागतात. शिवाय ज्या ज्या भागीदाराने दफ्तराची नक्कल घेतली, त्या प्रत्येकापाशी आरंभापासूनचा पूर्ण इतिहास असतो. अस्सल आणि नक्कल हा भेदच येथे मावळतो. कोणती प्रत अस्सल मानावयाची हे मंडळींनी आपसांत ठरवावे लागते. ठरवण्याची ही जबाबदारी यंत्राने माणसावर टाकली आहे, आणि दफ्तर लावण्याचे खरे काम येथून सुरू होते.

यंत्राच्या दृष्टीने दफ्तर लावणे ही एका ओळीची गोष्ट आहे. कामाच्या फोल्डरात उभे राहून 'गिट इनिट' म्हटले की टिंबाने आरंभ होणारे एक लपलेले फोल्डर निर्माण होते, आणि दफ्तर लागले. बाकी सारा तहनामा असतो. तो समजण्यास आपल्याकडील एक जुनी संस्था फार उपयोगी पडते, ती म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही. सातबाऱ्याचा उतारा सर्वांना ठाऊक असतो, कारण कर्जाला, लग्नाला आणि भांडणाला तो लागतो. परंतु सातबारा ही केवळ आजची स्थिती. जमीन अमक्याकडून तमक्याकडे कशी आली, खरेदीखताने, वारसाने की वाटपाने, हे फेरफाराच्या वहीत मिळते. तलाठी क्रमांक घालून नोंद लिहितो, ज्यांचा संबंध त्यांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो; तेथेही जुन्या नावाला कंस पडतो, ते नाहीसे होत नाही. जुन्या चालीचे तलाठी तोवर सातबाऱ्यावर पेन्सिलीने क्रमांक टिपून ठेवीत आणि प्रमाणित झाल्यावर शाई फिरवीत. श्रोतेहो, तरुण मंडळी ज्याला ब्रांच, रिव्ह्यू आणि मर्ज म्हणतात, ते या पेन्सिलीहून, हरकतीहून आणि शाईहून फारसे भिन्न नाही.

म्हणून चौघांच्या दफ्तरातही मुख्य शाखेवर कोणी थेट लिहू नये. ज्याला दुरुस्ती करावयाची त्याने आपली शाखा फोडावी, तीत पेन्सिलीने हवे तितके लिहावे, आणि काम झाले म्हणजे ते दुसऱ्या एकाच्या नजरेखालून घालून मगच मुख्य शाखेत मिळवावे. गिटहब किंवा गिटलॅबसारख्या सेवांवर मुख्य शाखेला असे संरक्षण दोन-चार खुणा करून देता येते. ते पहिल्याच दिवशी द्यावे, कारण अडचण आल्यावर ते देऊ पाहणाऱ्यास 'माझ्यावर विश्वास नाही का?' असा प्रश्न ऐकावा लागतो, आणि त्या प्रश्नाला सभ्य उत्तर नाही. सर्वांच्या वापरातील शाखेचा झालेला इतिहास जबरीने बदलण्याची सोयही गिटमध्ये आहे. ती तेथे बंद ठेवावी.

दुसरे, प्रत्येकाने आपल्या नावाने लिहावे. गिटला आपले नाव आणि पत्ता एकदाच सांगावा लागतो. तो न सांगता एकाच सामायिक खात्यावरून काम करणे म्हणजे आमचा अ‍ॅडमिन पुन्हा जन्मास घालणे होय. लिनक्सच्या मंडळींनी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. आज्ञावलीच्या मालकीवरून न्यायालयात वाद उपस्थित झाल्यानंतर, २००४ पासून, तेथे प्रत्येक नोंदीखाली लेखकाने आणि ती पुढे सरकवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाची एक ओळ घालून, हे देण्याचा मला अधिकार आहे अशी ग्वाही द्यावी लागते. पेशवाईच्या कागदावर ज्याला मोर्तब म्हणत, त्या जातीची ही ओळ आहे.

दफ्तरात काय नसावे हेही आरंभीच लिहून ठेवावे लागते, आणि त्यासाठी एक वेगळी लहानशी फाइल असते. यंत्राने मूळ मजकुरावरून तयार केलेल्या फायली, घरच्या यंत्रापुरत्या सोयी आणि विशेषेकरून पासवर्ड, यांना दफ्तरात थारा नसावा. पासवर्ड चुकून नोंदला गेला आणि पुढच्या कमिटमध्ये पुसला, तर आजच्या प्रतीतून तो जातो, इतिहासातून जात नाही. विस्मरण न होणे हा या व्यवस्थेचा गुण येथे आपल्यावरच उलटतो. अशा वेळी पुसापुशीत वेळ न घालवता तो पासवर्ड प्रकट झाला असे समजून तत्काळ बदलावा.

एक गोष्ट मराठी मजकुराच्या संदर्भात सांगितली पाहिजे, कारण ती इंग्रजी पुस्तकांत आढळावयाची नाही. आमच्या देवघेवीच्या आज्ञावलीत 'दुसऱ्या प्रतीची मागणी' असे एक बटण होते. या 'ऱ्या'तील चंद्रकोरीसारखा रकार यंत्रात दोन रीतींनी लिहिता येतो: एका रीतीत खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' आणि हलन्त, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच. डिफला मात्र दोन भिन्न शब्द. आमच्यातील दोघांचे कळफलक निरनिराळे असल्यामुळे, पुढे आम्ही दफ्तर लावले तेव्हा हा शब्द प्रत्येक कमिटमध्ये बदललेला दिसे आणि काय बदलले ते कोणालाच दिसत नसे. विंडोज आणि लिनक्स यांची ओळ संपवण्याची चिन्हे भिन्न असल्याने असाच घोटाळा आख्ख्या फायलीत होतो: एकाने एक शब्द बदलावा आणि सातशे ओळी बदलल्याची नोंद व्हावी. उपाय एकच की, कोणती चिन्हे प्रमाण हे दफ्तराच्या आत लिखित ठेवावे आणि यंत्राकडून ते पाळवून घ्यावे. माणसांच्या स्मरणावर ते सोडू नये.

दोन शाखांत एकाच ओळीवर दोघांनी हात फिरवला असेल, तर गिट निवाडा करीत नाही. दोन्ही पाठ एकाखाली एक मांडून मध्ये खुणा घालते आणि थांबते. नवशिक्यांना या कॉन्फ्लिक्टची धास्ती वाटते. मला त्याहून अधिक धास्ती वाटते ती बिनतक्रार झालेल्या मिलाफाची. एकाने गणना करणाऱ्या भागाचे नाव बदलले, दुसऱ्याने त्याच वेळी अन्य फायलीत जुन्याच नावाने त्यास हाक मारली: ओळी भिन्न, तंटा नाही, मर्ज सुरळीत, आणि आज्ञावली बंद. यंत्राला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही. म्हणून प्रत्येक मिलाफानंतर चाचण्या आपोआप चालाव्यात अशी तजवीज दफ्तराबरोबरच करावी.

आणि आता तो रकाना, ज्याचे नाव मी या व्याख्यानाला दिले आहे. काय बदलले हे गिट आपणहून सांगते. कोणी आणि केव्हा हेही सांगते. का बदलले, हे त्याला माणसाने सांगावे लागते, आणि नेमके तेथेच माणूस 'बदल केले', 'दुरुस्ती', किंवा नुसते एक टिंब लिहून निघून जातो. रूढी अशी आहे की पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, मग एक ओळ मोकळी, मग हवे तितके विवरण. 'दंडाची गणना बदलली' ही ओळ निरुपयोगी आहे, कारण ते डिफ सांगतच आहे. 'रविवारी ग्रंथालय बंद असते, सभासदास पुस्तक परत करता येत नाही, म्हणून रविवार दंडातून वगळला. कार्यकारिणीचा तसा ठराव आहे', एवढे लिहिले असते, तर तीन महिन्यांनंतर ती ओळ पुसणाऱ्याचा हात थबकला असता. एका कमिटमध्ये एकच विषय असावा हा नियमही याच्याच पोटातला. पाच कामांचे एक कमिट केले, तर कारण पाचांपैकी कोणाचे लिहावयाचे? शिवाय एक शुद्ध व्यावहारिक लाभ असा की, हजारभर लहान कमिटांच्या पोटात दोष कोठे शिरला हे गिट निम्म्या-निम्म्याने चाळून दाखवते, आणि त्याला सुमारे दहा चाचण्या पुरतात.

कोणत्या ओळीवर शेवटचा हात कोणाचा, हे दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव 'ब्लेम', म्हणजे आळ, असे आहे. सबव्हर्जन नावाच्या व्यवस्थेत त्याच आज्ञेला 'प्रेझ', म्हणजे प्रशंसा, असे पर्यायी नाव देऊन ठेवले आहे. आज्ञा एकच, उत्तरही एकच. कोणत्या नावाने विचारावे हे विचारणाऱ्याच्या संस्कारांवर आहे.

ज्यांना हा सारा खटाटोप अतिरिक्त वाटतो, त्यांनी एकदा पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जावे. महाभारताच्या हस्तलिखितांत शतकानुशतके लेखनिकांनी भर घातली, गाळले, सुधारले, आणि कोणी कोठे व का हे लिहिण्याची चाल नव्हती. १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथणकर यांनी प्रमुख संपादक या नात्याने त्यास शास्त्रीय शिस्त लावली; पोथ्यांच्या एकेका श्लोकाचे पाठ चौकटीच्या कागदांवर समोरासमोर उतरवून, कोणती पोथी कोणत्या शाखेची, ती शाखा कोठे फुटली, याचे वंशवृक्ष त्यांनी तर्काने उभे केले. १९३३ साली आदिपर्व पुरे झाले. १९४३ साली सुकथणकर वारले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहून ग्रंथ संपूर्ण झाला तो १९६६ साली. ज्या वृक्षाला आजचा विद्यार्थी एका आज्ञेसरशी पडद्यावर पाहतो, त्याच्यासाठी सत्तेचाळीस वर्षे आणि कित्येक विद्वानांची आयुष्ये लागली. आणि तरीही जे हाती आले ते अनुमान होते, तसे असल्याचे सुकथणकरांनी कधी लपवले नाही.

आमचे चौघांचे, किंवा आता तिघांचे म्हणा, दफ्तर पुढे लागले. अकरा अंतिम प्रतींतून इतिहास पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न आम्ही दोन रविवार केला आणि सोडून दिला. टोरवाल्ड्सनेही १६ एप्रिल २००५ रोजी लिनक्सचा मजकूर गिटमध्ये पहिल्यांदा चढवला, तेव्हा मागील इतिहास हाताशी असूनही तो बरोबर घेतला नव्हता आणि तसे त्या पहिल्या नोंदीतच लिहून ठेवले होते. आमच्यापाशी तर घेण्यासारखा इतिहासच नव्हता. आमच्या पहिल्या कमिटच्या कारणात तीन ओळी आहेत. पहिलीत, हा मजकूर 'देवघेव-खरी-अंतिम' या प्रतीवरून घेतला आहे असे लिहिले आहे. दुसरीत, रविवारचा दंड या प्रतीत चुकीने आकारला जातो आणि तो पुढील नोंदीत दुरुस्त करीत आहोत, असे लिहिले आहे. तिसरीत, यापूर्वीचा इतिहास उपलब्ध नाही, एवढेच आहे. रविवारची ती दुरुस्ती कोणाच्या हातून पुसली गेली, हे आम्हांला अद्याप कळलेले नाही.